कस्तुराबाईचं घट्ट लुगडं

देगलूरकडच्या कस्तुराबाईनं पहाटे कमरेला लुगड्याची गाठ आवळली, की दिवसभर खुरपणी करो नाही तर पाणी वाहो, ती गाठ तसूभर हलायची नाही. सैल नेसणाऱ्या बायकांना ती आळशी म्हणायची, तेही तोंडावर. वर्षानुवर्षं एकाच जागी काचून तिथं काळा घट्टा पडला होता. शेतात राबणाऱ्या बाईला एवढं चालायचंच, असं ती धरून चालली होती.

निजामाच्या शेवटच्या वर्षांत त्या घट्ट्यावर जखम झाली. हळद भरली, कडुलिंबाचा पाला बांधला, पण ती भरेना. दुखतही नव्हती. दुखत नाही म्हणजे महारोगच, असं बाईनं परस्पर ठरवून टाकलं. महारोग्याला गाव कसं बाहेर काढतं, हे तिनं पाहिलं होतं. जखम कुणाला दिसू नये म्हणून ती गाठ आणखी आवळू लागली आणि जखम आणखी चिघळली. नवऱ्यापासून, ग्यानोबापासून, ती लांब निजू लागली. तो बिचारा समजला, बायको रुसली.

शेवटी लुगड्यावर रक्त दिसलं, तेव्हा ग्यानोबानं तिला नांदेडला बायकांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखमेच्या कडेला सुई टोचली तशी ती कळवळली. महारोग असता तर टोचलेलं कळलंही नसतं, असं बाई म्हणाल्या. पुढं जखमेचा तुकडा हैदराबादेत तपासून आला: गाठ काचून झालेला कातडीचा कॅन्सर. तो अजून पसरला नव्हता, कापला की ती बरी होणार होती. कॅन्सर हा शब्दच कस्तुराबाईला नवा होता. महारोग नाही ना, एवढं तिनं पुन्हापुन्हा विचारून घेतलं आणि खुशीनं कापून घ्यायला तयार झाली.

कापल्यावर जखम भरून आली. आता सैल नेसायचं, गाठीची जागा बदलत राहायची आणि न भरणारी जखम लपवायची नाही, असं बजावून बाईंनी तिला घरी धाडलं. देगलूरला मोटारीतून उतरून दोघं बैलगाडीत बसली, तेव्हा तिला राहवेना.

"सुगी झाली की घर सोडून जानार होते मी," ती म्हणाली. "तुमी हाकलायच्या आधी."

ग्यानोबानं हातातला कासरा सैल सोडला.

"मंग मी बी आलो असतो की," तो म्हणाला.

कस्तुराबाई ढसाढसा रडली. मग एकटीनं सोसलेलं सगळं घर येईपर्यंत त्याला सांगत राहिली.