पिन कोनं मारली?

अमरावतीला आमच्या गल्लीत स्टोव्ह दुरुस्त करायला एक गृहस्थ येत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडेच असे. आधी टाकीला कान लावायचा, डोळे मिटायचे, मग विचारायचं, "पिन कोनं मारली?"

त्या दिवशी चार वाजता थोरलीला पाहायला अकोल्याचे पाहुणे यायचे होते. आमच्याकडे चहा स्टोव्हवर होतो, हे मी त्यांना पत्रातून दोनदा कळवलं होतं. आणि सकाळीच बर्नरचं छिद्र साफ करताना पिन आतच मोडून बसली.

"पिन कोनं मारली?"

"हिनं," मी बायकोकडे बोट दाखवलं.

त्यांनी बोटाकडे पाहिलं. ते काजळीनं काळंकुट्ट होतं.

"वैनी," ते गंभीरपणे म्हणाले, "पिन हलक्या हातानं मारा लागते. हा इस्टो हाय, कचेरीतला शिक्का नाई."

कचेरीत शिक्के मी मारत असे. बायको पदराआड हसली.

तीनच्या सुमारास स्टोव्ह फरफरला. नवी पिन त्यांनी माझ्याकडे पाहत तिच्याच हाती दिली. "यायले सापडन तिथं ठेवू नोका."

चहा पिताना पाहुण्यांनी विचारलं, "इस्टो कोन सांभाळते घरी?"

मी पुन्हा बायकोकडे बोट दाखवलं. या वेळी ते धुतलेलं होतं.