शिवणकामाच्या खोलीला उंच खिडक्या

चंद्रपुरात माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. खाणीच्या फाटकावर पहारेकऱ्यासाठी पॅनेलच्या केबिनी असतात ना, तसल्या मी बनवतो. आजवर एकाही पहारेकऱ्यानं खिडकीबद्दल तक्रार केली नाही, त्यामुळे स्वतःच्या हुशारीबद्दल माझा मोठा गैरसमज झाला होता. तो ब्रह्मपुरीत आईबाबांनी दूर केला.

बाबा शिंपीकाम करतात. झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांचे कोट, इन्स्पेक्टरची खाकी, पाटलाचा अंगरखा, सगळं त्यांच्याच मशीनवर. दोन वर्षांपासून नजर उतरत चालली होती. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, ऑपरेशनचा उपयोग नाही, भरपूर उजेडात काम करा, एवढंच डॉक्टर म्हणाले. मशीन सुटलं की बाबा खचणार, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून मी परसात दहा बाय बाराची पॅनेलची खोली उभी करायची ठरवली. खिडक्या थेट छपराला लागून. उजेड खोलवर येतो, ऊन डोळ्यांवर येत नाही आणि वानरं डोकावत नाहीत. वानरं छपरावरच राहतात, हे मी विसरलो होतो.

चपलांच्या खोक्याला फटी कापून मी नमुना केला आणि अंगणात उन्हात ठेवला. बाबांनी खोक्याला डोळा लावला.

"रस्ता नाई दिसत. मंग माप कसं घेऊ?"

बाबांचा टेप गळ्यात असतो तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माप ते रस्त्यानं येणाऱ्या माणसाची चाल पाहूनच ठरवत आले.

"बाबा, आता तरी दिसते का रस्ता?" मी बोलून गेलो. त्यांनी खोकं खाली ठेवलं. मला माझीच लाज वाटली.

आईचं तर वेगळंच. आधी म्हणाली, खिडक्या अर्ध्या कर. मग म्हणाली, पडदे लाव. मग म्हणाली, खोली आंब्याखाली घे, दाट सावलीत.

"खिडक्या नसन पायजे त कोठी बांधून देतो, धान भर!" माझं डोकंच फिरलं.

तिनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. बाबांची शिवण वाकडी जाते, ती कुजबुजली. दुपारी जेवून ते झोपले की ती वाकडी शिवण उसवते आणि हातानं पुन्हा शिवते. मशीन चालवलं तर ते जागे होतील. दोन वर्षं हेच चाललं होतं.

"तुह्या उजेडात त्यायले माहे टाके दिसतीन," ती म्हणाली. "मंग ते मशीनले हात नाई लावणार."

पण पॅनेल कापून झाले होते, टेम्पो निघाला होता. दोन दिवसांत खोली उभी राहिली. इतका स्वच्छ उजेड मी आजवर कोणत्याच केबिनीत आणला नव्हता, आणि मीच तो कमी कसा करता येईल याच्या विवंचनेत होतो. एका खिडकीवर मी चादर टांगली. बाबांनी ती काढून घडी करून माझ्या हातात दिली.

पहिल्याच सकाळी त्यांनी नाटकातल्या इन्स्पेक्टरचा अर्धा झालेला कोट घेतला आणि बाही वर उजेडात धरली. आई चहा घेऊन दारातच थांबली. मी घाईघाईनं पॅनेलच्या आत थर्माकोल कसा भरतात ते सांगू लागलो.

"हा हातटाका हाय," बाबा म्हणाले.

आई दारातून आत आली.

"तुमाले काय वाटते, मले आज समजलं? डोये गेले, बोटं नाई गेले. दोन वर्षं झाले, मी मशीनचा टाका मोठाच लावतो. इले उसवाले सोपा जाते."

आईनं चहा खाली ठेवला. तिला रडू येत होतं आणि रागही.

"म्हंजे मी चोरून शिवून राह्यली, अन् तुमी झोपेचं सोंग घेऊन राह्यले?"

"सोंग कायचं," बाबा म्हणाले. "तू बाजूले शिवत बसली का मले झोप लागे."