‘यू यू’ म्हटल्यावर तो मागं सरकला

मी हे एकाच दमात टाईप करून राह्यली. थांबली तर खोडून टाकीन, मले माहीत आहे.

कॉलेजातल्या मैत्रिणींनी मले विचारलं होतं, पिल्लाले शिकवायचं कधी सुरू करायचं आन् कसं? आन् मी लय मोठी जाणकार असल्यासारखे व्हॉईस मेसेज पाठवले. पाच-पाच मिनिटांचे! त्यात खोटं काही नव्हतं, पण अर्धीच गोष्ट होती. राहिलेली अर्धी ही.

आमचं वावर देऊळघाटजवळ. वांगी, मिरच्या, एका कोपऱ्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर. घरही वावरातच. रानडुकरं येतात म्हणून बाबाले राखणीले कुत्रं पाहिजे होतं. मामानं जळगाव जामोदहून एसटीनं पिल्लू आणलं, वायरच्या पिशवीत, वरून टॉवेल झाकून. "कंडक्टरले वाटलं पपई आहे," मामा म्हणे. काळंभोर, पोट टम्म, पुढचा एक पाय पांढरा. मी उचललं आन् त्यानं सरळ माझ्या ओढणीवर मुतलं. मले तेही लय भारी वाटलं!

"सहा महिने नुसतं खाऊ द्या," मामा म्हणाला. "मंग आपोआप भुकते."

"हाव, कुत्र्याले कोण शिकवते?" बाबा म्हणाले. "आपल्याले कोणी शिकवलं होतं?"

"म्हणूनच तं असे राह्यले," आई म्हणाली.

पण मी मोबाईलवर धडाधड व्हिडिओ पाहून टाकले होते. पहिल्याच दिवसापासून शिकवायचं, थोडं थोडं, खाऊ देऊन. मी तसंच केलं. भाकरीचा तुकडा त्याच्या नाकावरून मागं न्यायचा, तो वर पाहता पाहता बुडावर बसायचा. चौथ्या दिवशी बसायले लागला! आन् 'यू यू यू' म्हटलं की वांग्यांच्या सरीतून कान उडवत यायचा, इतका जोरात की थांबताच यायचं नाई, माझ्या पायावर येऊन आदळायचा. मी रोज स्टेटस टाकला. सगळ्यांचे बदामवाले इमोजी.

मंग त्याले दात शिवशिवायले लागले आन् त्याले ठिबकची नळी सापडली.

वांग्यात पाण्याचा फवारा उडून राह्यलेला. बाबा चिखलात बसून नळीले जोड लावत म्हणाले, "पाह्य वं, तुह्या शाळेतला पोरगा काय करून राह्यला." एवढंच म्हणाले, हसत. पण मले असा राग आला! स्टेटसवर एवढं कौतुक आन् इथं माझं हसं. मी संध्याकाळी हाक मारली, "यू यू यू." तो आला, तसाच, पायावर आदळला. मी त्याच्या तोंडापुढं फुटकी नळी धरली आन् तिनंच दोन हाणल्या.

त्यानं नळी सकाळी चावली होती. मी मारलं संध्याकाळी. त्याच्या हिशेबानं त्याची चूक एकच होती, बलावल्यावर तो आला.

हे मी एकदा नाई केलं. चारदा तरी केलं असन. दरवेळी आधी गोड आवाजात बलावलं, कारण पळणारं पिल्लू सापडत नाई ना. आन् त्याचा व्हिडिओ मी काढला नाई. त्याच आठवड्यात एका मैत्रिणीनं विचारलं, "काय गं, एवढा कसा ऐकते तुह्यं?" मी लिहिलं, प्रेमानं शिकवायचं.

शेजारच्या काकांच्या मक्याभोवती झटका मशीनची तार आहे. डुकरांसाठी. जनावर मरत नाई, पण दणका चांगलाच बसते. एक दिवस ऊन उतरल्यावर काकांनी मशीन सुरू केलं, आन् इकडं पिल्लू टिटवीमागं पळत थेट तारेजवळ. मी बांधावरून ओरडली, "यू यू यू!"

तो थांबला. माह्याकडं पाह्यलं. कान मागं, पोट जमिनीले, आन् मागं सरकायले लागला. माझ्यापासून दूर. सरकत सरकत त्याचं ढुंगण तारेले लागलं.

तो जो केकाटला, ते मले लिहिता येत नाई.

मक्यात घुसला तो दिसेनाच. मी हाका मारत फिरली, आन् जितक्या मारल्या तितका तो लपला असन. शेवटी आईले तो स्प्रिंकलरच्या पाईपांच्या ढिगामागं दिसला. ती काही न बोलता खाली बसली तर हळूच तिच्या मांडीत गेला. मी दोन पावलं पुढं झाली. त्यानं तोंड तिच्या पदरात खुपसलं.

आईनं माह्याकडं पाह्यलं. "तू याले बलावून मारत होतीस काय?"

मी हो म्हटलं.

बाबा तेवढ्यात आले. आमचं त्यांनी ऐकलं नव्हतं. "बलावल्यावर जे येत नाई ते कुत्रं वावरात नाई ठेवत," ते म्हणाले. "आज झटका होता, उद्या रोडवर ट्रॅक्टर राहीन. रविवारी तुहा मामा येते, त्याच्यासोबत वापस जाऊ दे."

आठ दिवस होते. आई म्हणाली, "तो शब्द आता वापरूच नको. तो बाटला. दुसरं काही काढ."

मले शिट्टी येते. "पोरीच्या जातीनं शिट्टी मारू नाई म्हणतात," आई म्हणाली, "पण तू मार."

मी रोज भाकर घेऊन जमिनीवर बसायची, त्याच्याकडं पाठ करून. हळू शिट्टी मारायची आन् तुकडा मागं टाकायची. दोन दिवस त्यानं तुकडा खाल्लाच नाई. तिसऱ्या दिवशी मागून चावल्याचा आवाज आला आन् मी तिथंच रडायले लागली, पण हललीच नाई. तो चावत होता तवर मी श्वासही हळू घेतला. शनिवारी तो समोर आला. तुकडा उचलला, पळाला.

रविवारी मामा आला, तीच वायरची पिशवी घेऊन. बाबा म्हणाले, "बलाव."

पिल्लू आंब्याखाली होतं. मी खाली बसली, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले आन् शिट्टी मारली. ओठ सुकलेले, पहिली शिट्टी नुसती हवाच. दुसरी वाजली.

तो आला. पळत आला. पण हातभर अंतरावर थांबला आन् माझे हात पाह्यले. आधी एक, मंग दुसरा. कोणत्याच हातात नळी नव्हती. मंग आला.

"येते तं!" बाबा म्हणाले. "राहू दे मंग." मामा त्याच पिशवीत वांगी भरून घेऊन गेला.

तर मैत्रिणींनो, पहिल्याच दिवसापासून शिकवा, ते मी बरोबरच सांगितलं होतं. फक्त बलावून मारू नका, कधीच, कितीही राग आला तरी. रागवायचंच असन तर उठून त्याच्याकडं जा. जाता जाता राग अर्धा होते. आन् नळी आधीच उचलून ठेवा.

आता तो मोठा झाला, डुकरांवर असा भुकते की काकांनी मशीन उशिरा लावणं सुरू केलं. आईजवळ सरळ जाते, बाबाजवळ सरळ जाते. माझ्याजवळ येताना मात्र अजून हातभर अंतरावर थांबते, दोन्ही हात पाह्यते, मंग येते.

बाबाले वाटते, ती त्याची स्टाईल आहे.