प्रोसेसर गोठवणारे दादा

"पंखा वारा घालतो ताई, थंड नाय करत."

माझ्या दुकानात पाऊल ठेवलं की दादांचं हे पहिलं वाक्य असायचं. बाकी विचारपूस नंतर.

नवीन पनवेलमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दादा माझे जुने ओळखीचे, जवळच्याच जासईचे. तिथल्या एका कंटेनर यार्डात ते रेफ्रिजरेशनचे मेकॅनिक होते. परदेशी जाणाऱ्या कोलंबीचे कंटेनर थंड ठेवणं हे त्यांचं काम. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून यायचे आणि थेट काउंटरच्या आत येऊन बसायचे. कॉम्प्युटर तापतो म्हणून गिऱ्हाईक आलं की मी धूळ काढायचे, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलायचे, पंखा तपासायचे. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. दादा मात्र मान हलवत बघायचे, जणू मी त्या गिऱ्हाइकाला फसवतेय.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. हातात कला असते, पण ती कुठे वापरू नये एवढंच कळत नाही.

एका पावसाळ्यात त्यांनी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आपल्या घरच्या कॉम्प्युटरला जोडला. तांब्याच्या नळ्यांचं काम इतकं सुबक, की मीच बघत राहिले. प्रोसेसरचं तापमान शून्याच्या खाली गेलं, आणि थंड प्रोसेसर जास्त पळवता येतो, म्हणून वेगही वाढला. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला. ते तो माझ्याकडे घेऊन आले. उघडून बघते तर प्रोसेसरभोवती सगळं पाणी.

"दादा, दमट हवेत गार वस्तूला पाणी सुटतं. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"ठाव हाय."

"मग?"

"वाटला, नीट बांधला तर नाय सुटनार."

मी चिडले. "आणि एवढ्या वेगाचं करणार काय? तुम्ही त्याच्यावर पत्ते खेळता."

त्यांनी तांब्याच्या नळीवरून बोट फिरवलं. "इतकी वर्सां लोकांची कोलंबी थंड केली, ताई. येक तरी वस्तू आपल्या मर्जीनं थंड करून बगू."

मी भिजलेला मदरबोर्ड भंगारात टाकला आणि त्यांना चहा पाजला.

पुढचं खूळ द्रव नायट्रोजनचं. शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश थंड; गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या नळ्या गोठवून ठेवायला तो वापरतात. दादांना ओळखीतून थोडा मिळणार होता. प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवायचं, त्यात नायट्रोजन ओतायचा आणि वेगाचा आकडा कुठवर चढतो ते बघायचं. नायट्रोजन उडून गेला की खेळ संपला. रोजच्या वापराला शून्य उपयोग.

"तुमच्या दुकानात करू," ते म्हणाले. "एसी हाय, धूळ नाय."

"बंद दुकानात तो वायू भरला तर श्वासाला हवा उरणार नाही. इथे नाही, दादा."

मग महिनाभर फोन. सकाळी, जेवताना, गिऱ्हाईक समोर असताना. शेवटी वैतागून मी कपाटातला एक जुना बोर्ड प्रोसेसरसकट त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या. काय करायचं ते घरी करा. मला परत विचारू नका."

हे मी म्हटलं. मीच.

त्यांनी ते अंगणात, मोकळ्या हवेत केलं. माझं तेवढं ऐकलं. पण हातात घातले यार्डातले कापडी मोजे. ओतताना नायट्रोजन उजव्या हातावर सांडला, मोज्यात मुरला, आणि मोजा निघेपर्यंत कातडीला धरून राहिला. अंगठ्याचं टोक आणि दोन बोटांची टोकं काढावी लागली.

मी जासईला त्यांच्या घरी गेले. दादा बनियनवर खाटेवर बसले होते, हाताला बँडेज. मला बघून चेहरा फुलला.

"आकडा आला, ताई. तुमचा तो जुना प्रोसेसर, जवळजवळ दुप्पट पळाला. मिनिटभर. फोटो काढाचा ऱ्हायला."

"बोटं गेली, दादा."

"व्हय."

"यार्डात काय म्हणतात?"

"बारीक काम आता नाय जमनार. गेटवर बसवनार, शिट्टी वाजवाला." हे सांगताना ते पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलले.

मला इतका राग आला, की समोरचा चहा तसाच ठेवून उठले. तो राग त्यांचा आला होता की माझा स्वतःचाच, ते अजून कळलेलं नाही.

वहिनी दारापर्यंत आल्या. हलक्या आवाजात विचारलं, "ताई, त्या आकड्याचा काय उपेग व्हतो?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. "यांना नका सांगू."

मी चपला घातल्या आणि सहज आत पाहिलं. मला रस्त्यापर्यंत सोडायला यायचं म्हणून दादांनी शर्ट अंगात चढवला होता, आणि डाव्या हाताने ते वरचं बटण लावू बघत होते. ते लागत नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर थांबून राहिले.