फुगा सखारामच्या हातात

पौडला मी फोटोचं दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाइकाचं डोकं आणि पाय एकाच फोटोत येतील याची खात्री नसे. एक दिवस कासार आंबोलीचा एक फेटेवाला पिशवी घेऊन आला आणि "कापडं बदलतो" म्हणून पडद्याआड गेला. मी भिंग पुसत बसलो. थोड्या वेळाने पडदा सारून हिरव्या लुगड्यातली बाई बाहेर आली. मी ओरडलो, "अहो ताई, आत कुठं शिरलात? पाव्हणे कपडे बदलतायत!"

"झालं की त्यांचं बदलून," म्हणत ती खुर्चीवर बसली.

हा सखाराम. गावच्या उरुसातल्या नाटकात बायकांची कामं करायचा. त्यासाठी बाप जिवंत असताना मिशी भादरायचा, म्हणून बाप शेवटपर्यंत त्याच्याशी धड बोलला नाही.

त्या दिवशी पहिल्या फोटोला मी भिंगाचं झाकण काढायला विसरलो. दुसऱ्यात सखारामपेक्षा खुर्ची चांगली आली. तेव्हा तो म्हणाला, "फोटोवाले, तुमी बाजूला व्हा. त्यो फुगा हिकडं द्या."

कॅमेऱ्याच्या रबरी नळीच्या टोकाला फुगा असे; दाबला की आतल्या काचेवर फोटो उमटे आणि त्या काचेवरून प्रती काढता येत. सखारामने तो पदराखाली धरला आणि मला कॅमेऱ्याशेजारी आरसा धरून उभं केलं. माझ्याच दुकानात मी खुंटी झालो. तो आरशात बघत राही. कपाळावरची बट मागे सारी, मान किंचित वळवी, आणि चेहरा मनासारखा झाला की फुगा दाबी. त्यानंतर दर उरुसाला हे ठरलेलंच. दुकानातले चांगले फोटो तेवढेच, आणि ते मी काढलेले नाहीत.

एकदा मी शहाणपणा केला. "सखाराम, नाटकात लुगडं नेसतोस ते ठीक. इथं कशाला?"

"नाटकात मी राणी असती, न्हाईतर कुनाची तरी बायकू. हितं मी माझी असती," तो म्हणाला. "आरसा नीट धरा. हलतुया."

पुढे गावाने पुण्याहून खरी नटी आणली. पंच म्हणाले, "आता बाई मिळतीया, तर तुझं काय काम?" सखाराम उरुसाला प्रेक्षकांत बसला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन माझ्याकडे आला. त्या दिवशी फुगा दाबायला त्याने फार वेळ घेतला. जाताना म्हणाला, "काच जपा, फोटोवाले. आता मी हितंच हाय."

पुढच्याच वर्षी तो तापाने गेला. प्रती तो माझ्याकडेच ठेवी; भिंतीवर लावायला घरात फोटो नव्हता, म्हणून धाकटा भाऊ माझ्याकडे आला. फोटो पाहून तो खाली बसला. मग म्हणाला, "निस्तं तोंड घ्या. कुंकू पुसा, टोपी घाला, वर मिशी चढवा. लोक काय म्हनतील?"

मी हो म्हणालो. एका प्रतीवर ब्रश चालवला आणि ती घेऊन कासार आंबोलीला गेलो. भावाने कपाळावर हात मारला. "ह्यो मानूस हाय का बोका? टोपी हाय का पातेलं?"

"हात असाच आहे माझा," मी म्हणालो. "अख्ख्या मुळशीला ठाऊक आहे." आयुष्यात एवढं मन लावून मी कुठलंच काम बिघडवलं नव्हतं.

मग पिशवीतून मूळ काचेवरून काढलेली दुसरी प्रत काढली. तेच लुगडं, कुंकू, कपाळावरची बट मागे सारलेली. भाऊ नको म्हणायला तोंड उघडणार, तोच चुलीपुढून त्यांची म्हातारी आई उठून आली. तिने फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला.

"लाव रं ह्योच," ती म्हणाली. "ह्यात हसतीया तरी. घरात कवा हसताना बघितलंस तू?"