गाईच्या पायाची लाल पट्टी

फोन गोठेवाल्या अबू सलीमचा होता. त्याचा फोन म्हणजे गाय अडली असणार, म्हणून मी पुढचं न ऐकताच म्हटलं, "डॉक्टर तुमच्याकडेच निघालेत." तो मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "उम्म सना, डॉक्टर इधर ही है..." सनाची आई म्हणून तो मला उम्म सना म्हणतो. एका गाईला इंजेक्शन देऊन हे हात धुवायला गेले, खाली बसले आणि उठलेच नाहीत. तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. ते तसंच आटून गेलं.

रत्नागिरीकडच्या खाडीकाठाहून आम्ही इथे सौदीत, अल खर्जला आलो, ते ह्यांच्या नोकरीमुळे. हे जनावरांचे डॉक्टर, पण नोकरी जगावेगळी. दुधाच्या धंद्यातल्या मालकांनी मिळून एक निधी केला होता. प्रत्येकाने आपला वाटा घालायचा, त्यातून सगळ्यांच्या दुधाची जाहिरात करायची आणि गोठ्यांची तपासणीही. तपासणीत उतरलेल्या गोठ्याच्या दुधावर खात्रीचा शिक्का. म्हणजे ज्यांच्या वर्गणीवर आमची चूल पेटायची, त्यांचंच दूध हे नाकारणार! मी म्हणायची, "अहो, जेवू घालणाऱ्याशी भांडायची भारी हौस तुम्हाला." तर म्हणायचे, "मोठ्यांचं नाव आधीच झालंय. अबू सलीमसारख्याला कोण ओळखतं? त्याला हा शिक्काच ओळख देईल. शिक्का खोटा निघाला तर त्याच्याकडे राहिलं काय?"

औषध टोचलेल्या गाईच्या मागच्या पायाला हे लाल पट्टी बांधायचे. औषधाचा अंश जाईपर्यंत तिचं दूध टाकीत जायचं नाही. आणि ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. घरीसुद्धा हाच कायदा. फ्रिजमधलं दूध हुंगायचे, संशय आला की पातेल्याच्या कानाला पट्टी. सना ओरडायची, "अम्मी, अब्बू ने फिर बांध दिया."

अबू सलीमच्या गोठ्याला शिक्का मिळणार होता, तेव्हाची गोष्ट. निधीची जाहिरातवाली मंडळी फोटो काढायला आली. गोठ्यातली सगळ्यात देखणी गाय त्यांनी निवडली, आणि नेमकी तिच्याच पायाला पट्टी. फोटोत आजारी दिसते म्हणून एकाने ती सोडून खिशात घातली. झालं, संध्याकाळी तिची धार बाकीच्या गाईंच्या दुधात गेली. ह्यांना कळलं तेव्हा टाकी भरली होती. ह्यांनी टाकीचा नळ सोडायला लावला. अबू सलीम विनवत होता, एवढ्याशा औषधाचं कुणाला कळणार? हे म्हणाले, "मला कळलंय ना." सगळं दूध वाळूत गेलं. "खलास," तो म्हणाला, "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." आणि त्याने गुरं विकायला काढली.

हे घरी आले, जेवले नाहीत. "त्याचा गोठा मोडला तर तो माझ्या हातून मोडला," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवसापासून मात्र हट्टाला पेटले. पट्टी निधीच्या माणसांनी सोडली, तर भरपाईही निधीनेच द्यावी. माझा जीव टांगणीला... नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, पोरीची शाळा गेली. पण ऐकतील तर शपथ. शेवटी निधीने भरून दिलं. फोटो पुन्हा काढला, तोही ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे पट्टीसकट. दुकानादुकानांत तो लागला आणि खाली लिहिलं होतं की हिचं दूध अजून तुमच्यासाठी नाही. लोकांना ते पटलं. शिक्का मिळाला, मोठ्या दुकानांनी अबू सलीमचं दूध ठेवलं, गुरं विकायची भाषा बंद झाली. मग दर जुम्म्याला स्वारी दूध घेऊन आमच्या दारात.

दफन इथेच झालं. सासूबाईंनी गावी बसून मोबाइलवर ती माती पाहिली.

नवरा गेल्यावरची चार महिने दहा दिवसांची इद्दत चालू आहे, मी घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. गेल्या आठवड्यात सना खिडकीतून म्हणाली, "अम्मी, नीचे गाय आई है." मला वाटलं पोरगी भ्रमली. खाली खरंच पिकअपमध्ये गाय उभी होती आणि अबू सलीम आमच्या दाराकडे पाठ करून. ह्यांनी शेवटचं इंजेक्शन दिलं ती गाय. तिची मुदत केव्हाच संपली होती. नव्या डॉक्टरने तपासून दूध चांगलं असल्याचंही सांगितलं होतं. तरी अबू सलीमने पट्टीला कुणाला हात लावू दिला नाही, तिचं दूध वेगळंच काढत राहिला. "डॉक्टर ने बांधा था," तो पाठमोराच म्हणाला, "अब आप का हक है."

बुरखा घेऊन मी फाटकापर्यंत उतरले. जन्मात कधी गाईला हात लावला नव्हता. त्याने पिकअपची मागची फळी खाली केली आणि पुन्हा पाठ केली. गाठ काही केल्या सुटेना... ह्यांच्या हातची गाठ, ओढावी तशी आवळत जायची. गाय बिचारी हलली नाही. पट्टी हातात आली तेव्हा पिकअपच्या कठड्यावर डोकं टेकून मी रडले, पोटभर रडले. अबू सलीम वळला नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

ती पट्टी आता आमच्या दुधाच्या पातेल्याच्या कानाला आहे. दूध ताजं असतं, त्याच गोठ्यातलं. सना रोज म्हणते, "अम्मी, दूध तो अच्छा है, खोल दो ना." मी सांगते, बांधली मी आहे. सोडायची तेव्हा मीच सोडेन.