दांड्यावरचं काळं मेण

"दूर व्हा! त्या हातांनी माझ्या पायाला शिवाल तर बघा!"

"अगं, औषध आहे हे. विहिरीवर भाजलं, कापलं, की आम्ही सगळे हेच लावतो."

"म्हणूनच तुम्हा सगळ्यांना मेलेल्या इंजिनाचा वास येतो."

नवरा तेलविहिरीवर कामाला. जमिनीतलं तेल ओढणाऱ्या पंपाच्या लोखंडी दांड्यांवर काळं, चिकट मेण धरतं. ते खरवडलं नाही तर पंप अडतो. खरवडून खरवडून त्याचं नावच पडलं खरवड्या. बायको लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी धुणारी. दिवसभर परक्यांचा मळ, घरी आलं की नवऱ्याचा. त्याच्या पँटीवरच्या काळ्या डागावर तिने सोडा टाकला, राख घासली, शेवटी शिव्या घातल्या. डाग जागचा हलला नाही. दारात त्याचे बूट दिसले तरी तिला घास गिळवत नसे.

पण लाँड्रीची फरशी कायम ओली आणि साबण कातडी खाणारा. टाचांना भेगा पडल्या, बोट जाईल एवढ्या. मुकादमीण म्हणाली, "लंगडत काम करायचं असेल तर घरी कर. इथे बाया रांगेत उभ्या आहेत." काम गेलं असतं तर दिवसभर त्या बुटांकडे बघत बसावं लागलं असतं. तिने नाक दाबून पाय पुढे केले.

खरवड्याने डब्यातलं मेण भेगांत थापलं, वाळू-गंजासकट. जन्म धुण्यात गेलेली बाई, पण आधी पाय धुवावेत हे तिलाही सुचलं नाही.

आठवडा सरायच्या आत टाच सुजली. वर काळा थर, खालून पिवळा पू, आणि वास असा की मांजरही उंबऱ्यावरून मागे फिरलं. दवाखान्यातल्या सिस्टरने तोंडाला फडकं बांधलं.

"कुणी डांबर ओतलंय हे?"

खरवड्या छताकडे बघायला लागला.

सिस्टरने जखम साफ केली, गोळ्या दिल्या. "जखम भरली की रोज पाय धुवायचे, ओलसर असतानाच ही पांढरी जेली लावायची, वर मोजे. ही नुसतं झाकण घालते, ओल आत धरून ठेवते. घाणीवर लावली तर घाणही धरून ठेवते."

टाच भरली, भेगा मिटत आल्या. एका सकाळी मोरीशी बसून टाचेला जेली चोळताना ती म्हणाली, "याला म्हणतात औषध! ना डाग, ना वास."

खरवड्या फिदीफिदी हसला.

"दात काढायला काय झालं?"

"अगं, ते आमच्याच दांड्यांवरचं. असलंच मेण गाळून गाळून कुणीतरी पहिल्यांदा काढलं. आता कारखान्यात तेलाच्या गाळापासून करतात."

तिचा हात थांबला. बोट नाकाशी नेलं, काही वास नाही. तरी ती मोरीत थुंकली.

"शी! इतके दिवस मी तुमची घाण पायाला फासतेय?"

"धुतलेली घाण."

"धुतलेली? माझ्याकडून तुमच्या पँटीचा डाग निघाला नाही, आणि त्यांनी त्याचं लोणी केलं?" ही गोष्ट तिला घाणीपेक्षाही जास्त झोंबली.

एका टाचेला जेली लावायची अजून राहिली होती. लाँड्रीचा भोंगा वाजला. तिने तोंड फिरवून, मेलेलं झुरळ उचलावं तसं, बोटाच्या टोकावर जेली घेतली, टाचेवर ओढली, मोजा चढवला आणि बोट त्याच्याच सदऱ्याला पुसलं.

"पँट भिजत घाला," म्हणाली, आणि न लंगडता चादरींच्या ढिगाकडे निघाली.